पांढऱ्या साड्यांचं दुकान

नणंदेच्या लग्नाची साडी घ्यायला सासूबाई आणि मी जळगावला गेलो होतो. आम्ही बौद्ध, आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. दुकानात गादीवर बसल्या बसल्या मी म्हटलं, "पांढऱ्यातलं दाखवा." समोरच्या माणसाने हातातला चहा खाली ठेवला आणि आवाज बारीक करून विचारलं, "घरातलंच कोणी होतं का?"

"नवरीसाठी हवी आहे," मी म्हणाले.

तो गोंधळला. आत जाऊन शोधून शोधून दोन-तीन साड्या घेऊन आला. सगळ्या सुती, बिनकाठाच्या, घडीवर धूळ बसलेल्या. पुढच्या दुकानांतही तीच गत. दिवस कलायला लागला तेव्हा कुठे सोनेरी काठाची एक हाती लागली.

सासूबाई मूळच्या धुळ्याकडच्या. एवढी वर्षं दीपनगरला काढूनही त्यांची अहिराणी सुटलेली नाही. परतताना बसमध्ये त्या म्हणाल्या, "आपला बठ्ठासले पांढरी साडी लागस. लग्नले लागस, पौर्णिमाले लागस, जयंतीले लागस. मंग कोनी ठेवत का नही?"

"आपण ठेवू," मी म्हणाले.

मी हे गमतीनं म्हटलं होतं. पण भुसावळ येईपर्यंत त्यांनी दुकान कुठे घ्यायचं तेही ठरवून टाकलं होतं.

लग्न पार पडलं आणि पुढच्याच महिन्यात माझी भिशी लागली. भांडवल म्हणजे तेवढंच. आम्ही राहतो त्या दीपनगरच्या वसाहतीच्या फाटकासमोर, हायवेच्या कडेला एक पत्र्याचा गाळा रिकामा होता. आधी तिथे पंक्चर काढायचे. रबराचा वास जाता जाईना. माझ्या नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी भिंतींना फिका निळा रंग मारला, घरातली लोखंडी कॉट आणून ठेवली, तिच्यावर सतरंजी घातली. हेच आमचं काउंटर. आरसा घरच्या कपाटाचा, स्क्रू काढून आणलेला. जळगावच्या ठोक व्यापाऱ्याने माल दिला, पण आधीच बजावलं, "पांढरा माल परत घेणार नाही, ताई. विचार करून घ्या." मी विचार न करता घेतला. निळ्या काठाच्या, गुलाबी काठाच्या, मोरपंखी काठाच्या. घरी आणून पलंगावर पसरल्या तर उठवत नव्हतं तिथून.

एक गोष्ट मात्र आमच्या डोक्यात आलीच नव्हती. दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे आणि वारा फिरला की त्याची बारीक राख सगळीकडे बसते. खिडकीत, भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. पहिल्या दिवशी मी हौसेने चार साड्या दारात टांगल्या. दुपारी पाहते तर चारही करड्या. धुऊन, इस्त्री करून त्या आम्ही घरातच वापरायला काढल्या. बाकीच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून पेटीत ठेवल्या. आता माल सुरक्षित होता, पण दुकानात काय मिळतं ते रस्त्यावरून कोणाला कळेना. साडी नेसवून दारात उभा करायला पुतळा घ्यावा तर पैसे उरले नव्हते.

"मी बससू," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी करडी झालेली, धुतलेली निळ्या काठाची साडी नेसली, पदर काठ दिसेल असा पुढे घेतला आणि खुर्ची टाकून दारात बसल्या. वसाहतीतल्या बायका भाजी घेऊन परतताना थांबू लागल्या. "अक्का, कुठून घेतली?" विचारू लागल्या. त्या नुसतं मागे बोट दाखवायच्या.

एके दिवशी समोरच्या थांब्यावर एक वयस्क बाई बसची वाट पाहत होती. फैजपूरची, केळीची शेती असलेल्या घरातली. लेक वसाहतीत दिलेली, तिला भेटून परत निघालेली. पांढरी साडी नेसून, नेहमीसारख्याच मोकळ्या कपाळाने दारात बसलेल्या सासूबाईंकडे ती जरा वेळ बघत राहिली. मग रस्ता ओलांडून आली आणि त्यांच्याजवळ पायरीवर टेकली.

"केव्हा झालं हे?" तिने हळूच विचारलं.

सासूबाईंना वाटलं, दुकानाचंच विचारते. "मंगळवारले," त्या म्हणाल्या.

"अचानकच म्हणायचं."

"हाव, अचानकच. बठ्ठं मनी सूननीच करं."

सगळं माझ्या सुनेनेच केलं. हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की त्या बाईने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. मी कॉटवर बसून घड्या घालत होते. काय घोटाळा झालाय ते माझ्या लक्षात आलं आणि मला हसू आवरेना. माझं हसणं पाहून तर ती उठूनच उभी राहिली.

"मावशी, कोणी गेलेलं नाही," मी कशीबशी म्हणाले. "माझे सासरे घरी जेवून झोपलेत. हे साड्यांचं दुकान आहे."

सासूबाईंना समजायला जरा वेळ लागला. समजलं तशा त्या हसू लागल्या, मग ती बाईही. हसता हसता तिची बस निघून गेली. मी चहा मागवला. पुढची बस येईपर्यंत आम्ही पेटीतल्या साड्या एक एक करून तिला दाखवल्या. नवरी पांढरं नेसते हे ऐकून तिने मोरपंखी काठावरून हात फिरवला. "आमच्यात नाही चालत," ती म्हणाली, "पण माझी सून शाळेत शिकवते. पंधरा ऑगस्टला पांढरी साडी शोधत हिंडते दरवर्षी."

तिने सुनेसाठी एक घेतली. आठवड्याभरात त्या सुनेचा फोन आला, शाळेतल्या सगळ्याच शिक्षिकांना हव्यात म्हणून.

ऑगस्टच्या सुरुवातीला नवरा आणि मी मोटारसायकलवर गठ्ठा बांधून तापी ओलांडून फैजपूरला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पानांवर पाणी. मावशीने वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करून ठेवली होती. आळीतल्या बायका साड्या बघायला ओसरीवर जमल्या. एकीने काठ हातात धरून विचारलं, "लग्नात पांढरी? असं कसं नेसतात?"

मी तोंडातला घास गिळून सांगायला गेले, पण मावशी आधीच सुरू झाली होती. "अगं, किती छान दिसते नवरी. आणि हा मोरपंखी काठ उजेडात बघ," म्हणत तिने साडी उलगडून त्या बाईच्या खांद्यावर टाकली.