पाळकसाहेबांच्या गाडीचा खडखडाट

माझ्या नणंदेच्या कानांचं कौतुक आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. एसेटा अंगणात तारोचे कंद सोलत बसलेली असते, रस्त्यावरून गाडी जाते, आणि ही मान वर न करता सांगून मोकळी होते, याचं बेअरिंग गेलं, त्याच्या सायलेन्सरचा रबर तुटला. बरोबर निघालं की दिवसभर मिरवते आणि चुकलं की रस्त्याला नावं ठेवते. सून म्हणून या गावात आले तेव्हापासून हे ऐकते आहे. मला तिचा अभिमान वाटतो आणि रागही येतो, दोन्ही एकदमच.

सासऱ्यांची बस होती, लाकडी बॉडीची. तिच्याखाली पडून पडूनच ही शिकली. सासरे गेले, बस गंजली, पण घरामागच्या नीरफणसाखाली एसेटानं पत्र्याची शेड ठोकली आणि गावच्या गाड्या तिथं यायला लागल्या. लग्न केलं नाही. चाळिशी उलटली आहे, अंगानं दणकट, लावालावा, म्हणजे आमची लुंगी, कमरेला घट्ट खोचून गाडीखाली सरकली की बाहेर फक्त तळपाय दिसतात आणि आतून शिव्या ऐकू येतात. पाळकसाहेबांची गाडी असेल तेव्हा शिव्या बंद असतात, एवढाच फरक.

आणि त्याच गाडीनं तिचं नाक कापायची वेळ आणली होती. मागून आवाज यायचा, खड्डा आला की ठाक्, वळण आलं की ठाक्. पहिल्यांदा एसेटा म्हणाली, डिकीतली स्टेपनी सैल आहे. ती आवळली. दुसऱ्यांदा मागचे दोन्ही शॉकअप बदलले. तिसऱ्यांदा चाकाला धरून ठेवणाऱ्या मागच्या दांड्याचा रबरी बुश नवा घातला. दर वेळी ती स्वतः गाडी घेऊन नदीच्या उतारावरच्या दगडांतून फिरवून आणायची आणि गाडी मुकाट चालायची. गाडी परत जायची, आणि रविवारी प्रार्थना आटोपून पाळकसाहेब घरी निघाले की सगळं गाव ऐकायचं, ठाक्, ठाक्.

गावच्या पंचांनी ठरवलं, शनिवारी दुपारच्या बैठकीपर्यंत आवाज गेला नाही तर गाडी आपिया शहरातल्या मोठ्या गॅरेजात पाठवायची. पुढच्या आठवड्यात पाळकसाहेबांना डोंगर ओलांडून चर्चच्या सभेला जायचं होतं. ऐकायला साधी गोष्ट आहे. पण आमच्याकडे पाळकसाहेब ज्या दुकानातून पाव घेतात तिथूनच गाव पाव घेतं. त्यांची गाडी शहरात गेली की महिन्याभरात सगळ्यांच्या गाड्या शहरात जाणार आणि नीरफणसाखाली कोंबड्या बसणार. एसेटाला हे कळत होतं. आठवडाभर ती धड जेवली नव्हती, आणि ती जेवत नाही म्हणजे काय ते आमच्या घरात मीच जाणते.

शनिवारी सकाळी ती म्हणाली, मी डिकीत पडून ऐकते, तुम्ही माणसं भरून गाडी चालवा. माझा नवरा सोलोमोना चालवायला बसला. मी पुढे त्याच्या शेजारी. मागे एसेटाची चुलतबहीण फिलोई, आणि तिच्या पायांशी वजनाला तारोची दोन पोती. एसेटा डिकीत मुटकुळं करून पडली, झाकण दोरीनं आतून धरलं. निघालो. नदीच्या दगडांवरून तीनदा गेलो-आलो. गाडी हलली, आम्ही हललो, फिलोईचं डोकं टपाला लागलं, पण आवाज म्हणाल तर नाही.

एसेटा डिकीतून बाहेर आली ती घामानं निथळत. दगडावर बसली आणि हातातला पाना बघत राहिली. मला एकदम भडभडून आलं. हिला गप्प बघायची सवय नाही हो मला.

तेव्हा मी सहज मागे वळून पाहिलं. फिलोई उजव्या दाराशी चिकटून बसली होती. पोतीसुद्धा तिनं आपल्याच बाजूला ओढून घेतली होती. डाव्या बाजूची सीट मोकळी, तिच्यावर पांढरी शुभ्र, लेस लावलेली चादर, एक सुरकुती नाही. ती पाळकसाहेबांची जागा. पाळकीणबाई गाडी चालवतात आणि साहेब नेहमी तिथंच बसतात. त्या जागेवर दुसरं कुणी बसत नाही. एसेटासुद्धा काम करताना ती चादर दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवते.

"एसेटा," मी म्हटलं, "तिथं तू कधी वजन टाकून बघितलंस?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये शिंकरले. फिलोईनं तोंडावर हात ठेवला. पण मी उतरले, चादरीची घडी केली, फिलोईच्या मांडीवर ठेवली आणि बसले. मीही काही काडी नाही. सीट चांगली खाली गेली.

"उतर गं बाई," सोलोमोना म्हणाला, "लोक बघतायत."

"बघू देत. पोती इकडे सरकव, फिलोई. साहेब माझ्यापेक्षा भारी आहेत."

एसेटा पाना घेऊन डिकीत शिरली.

पहिल्याच दगडावर ठाक्. काय सांगू, गाणं ऐकावं तसं ऐकलं मी ते. पुन्हा ठाक्. डिकीतून एसेटा ओरडायला लागली, मागे घे, पुन्हा जा, हळू जा, वहिनी, जरा उडी मार. मी बसल्या जागी उड्या मारत होते, हसत होते, आणि फिलोई ती चादर छातीशी धरून देवाची क्षमा मागत होती.

चौथ्या फेरीला सोलोमोनानं करकचून ब्रेक दाबला. समोर रस्त्यावर पाळकसाहेब आणि पाळकीणबाई उभे. गाडी आमच्याकडे, म्हणून पायी निघालेले. साहेबांनी आधी मला पाहिलं, मग मी कुठं बसले आहे ते पाहिलं. उतरायला गेले तर डिकीतून आवाज आला, "वहिनी, हलू नकोस, सापडला."

एसेटा बाहेर आली, साहेबांना पाहिलं आणि मान खाली घातली. पण बोलली. म्हणाली, आवाज फक्त या जागेवर वजन पडलं की येतो, आणि आम्ही कधी इथं कुणाला बसवलंच नाही.

पाळकसाहेबांनी डोक्यावरची हॅट काढली. मग हळूच म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"काय?" पाळकीणबाई म्हणाल्या.

"मी बसलो की आवाज येतो हे ठाऊक होतं. मला वाटायचं, माझ्याच वजनाचा असेल. कसं सांगायचं, एसेटा? लाज वाटली."

पाळकीणबाई इतक्या हसल्या की त्यांना गाडीचा आधार घ्यावा लागला. मग आम्हीही सुटलो.

शेडमध्ये दांडा काढला तर नवा बुश दोन पंधरवड्यांत फाटलेला. एसेटानं तो हातात फिरवला आणि यावेळी रस्त्याचं नाव घेतलं नाही. चाक जॅकवर अधांतरी असतानाच तिनं बोल्ट आवळला होता. गाडी जमिनीवर टेकली तेव्हाच रबराला पीळ पडला, आणि साहेब बसले की तो आणखी पिळवटत गेला. जोडीतला दुसरा बुश शिल्लक होता. तो ठोकून बसवला, गाडी चारही चाकांवर माडाच्या ओंडक्यांच्या फळ्यांवर चढवली, बोल्ट सैलच ठेवला. मग ती साहेबांपुढे उभी राहिली आणि हात चोळायला लागली.

"बसू का?" साहेबांनीच विचारलं.

ते बसले, स्वच्छ चादरीवर, हॅट मांडीवर घेऊन. एसेटा खाली सरकली. तळपाय तेवढे बाहेर. "साहेब, हलू नका," खालून हुकूम आला. गावात त्यांना हुकूम सोडणारी ती पहिलीच. ते श्वास रोखून बसले. पाना करकरला, एकदा, दोनदा, आणि मग फिरेना.

बैठकीची वेळ झाली होती. साहेब म्हणाले, पंचांच्या बैठकीच्या घरासमोरून चला, तिथं रस्ता सगळ्यात वाईट आहे. एसेटा चालवायला, साहेब आपल्या जागी, मी आणि पाळकीणबाई कोंबून. सगळे पंच त्या बिनभिंतींच्या घरात खांबांना पाठ टेकून बसलेले. एसेटानं मुद्दाम सगळे खड्डे घेतले, एकही सोडला नाही. मी दात आवळून बसले होते. काही नाही. फक्त चाकांखाली खडी. तिनं गाडी वळवली आणि परत तेच खड्डे घेतले. पुन्हा काही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पुढं बघितलं तर एसेटा स्टिअरिंगवर मूठ आपटत होती.

शहराचं गॅरेज सुचवणारे म्हातारे पंच तालाताऊ उठून रस्त्यावर आले. खिडकीशी वाकले, घसा साफ केला. म्हणाले, माझ्या पिकअपलाही मागून काहीतरी वाजतं, सोमवारी घेऊन येऊ का.

"आणा," एसेटा म्हणाली. "पण आधी सांगा, कोण बसलं की वाजतं?"