दुधातला दात

ठाकुर्लीला आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात बायको घसरली आणि तिचा पुढचा दात मुळासकट निघाला. तिला घरात आणून बसवलं. दात माझ्या हातात होता. हॉस्पिटलला जावं की दातांच्या डॉक्टरकडे, काहीच सुचेना. शेवटी आमच्या डेंटिस्टबाईंना फोन केला.

"मुळाला हात लावू नका. दात दुधात ठेवा आणि लगेच या," त्या म्हणाल्या.

"अहो, दुधाचा नाहीये. ती चाळिशीची आहे."

"दुधाचा नाही हो, दुधात."

फोन स्पीकरवर होता. बायकोनेच तोंडावरचा रुमाल न काढता फ्रिजकडे बोट दाखवलं. दुधाच्या डबीत दात घेऊन आम्ही रिक्षाने डोंबिवलीला गेलो. बाईंनी तो जागेवर बसवून शेजारच्या दातांना तारेने बांधला. दात टिकला. दूधच का, ते मात्र मला अजून नीट कळलेलं नाही.