शपथ सुटली म्हण

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मला सगळं कळतं, असं घरच्यांना वाटायचं. हळूहळू मलाही तसं वाटायला लागलं होतं. जे झालं ते त्यातूनच झालं, असं मला वाटतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी होस्टेलवरून तळेघरच्या वर आमच्या वाडीत आले. बाबा तेव्हा सकाळी तोंड धुवायच्या आधीच प्यायचे. एक दिवस मी त्यांना गोड बोलून देवराईपर्यंत नेलं. बायका आत जात नाहीत, म्हणून आम्ही कडेच्या दगडापाशीच थांबलो. त्यांचा हात मी माझ्या डोक्यावर ठेवला.

"म्हणा, पुन्हा प्यालो तर ही मरंल."

"आसं नको बोलू, बाय."

"म्हणा."

त्यांनी म्हटलं. त्यांचा हात कापत होता. मला वाटलं, मन भरून आलं असेल.

घरी येऊन मी कणगीमागची बाटली उकिरड्यावर ओतली. त्या दिवशी बाबांना घाम सुटला, जेवण पोटात राहीना. दुसऱ्या रात्री त्यांचा डोळा लागला नाही. आई म्हणाली, "निघतंय अंगातून." मीही तेच समजले.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा घरात भाताची लावणी करत होते. शेणानं सारवलेल्या जमिनीवर वाकून, चिमटीत नसलेलं रोप धरून एकेक रोवत मागे सरकत होते. भिंतीला पाठ लागली की वळायचे आणि पुन्हा सुरू. मी हाक मारली तर म्हणाले, "पाय काढ. चिखलात उभी हायेस." माझ्याकडे पाहत होते, पण मी कोण हे त्यांना कळत नव्हतं.

शेजारून चुलते आले. त्यांनी येतानाच बाटली आणली होती.

"वहिनी, घोटभर द्या. न्हाईतर जाईल हा."

"पोरीची शपथ हाये," आई म्हणाली.

"शपथ फिटती नंतर. माणूस फिरून येतो का?"

"मग माझी पोर येती का फिरून?"

आई दारात आडवी उभी राहिली. मी बोलायला हवं होतं, माझ्या जिवाला काही होत नाही असं सांगायला हवं होतं. पण त्या क्षणी मला मरायची भीती वाटली. कॉलेजात दोन वर्षं शिकलेली मी, गप्प राहिले. चुलत्यांनी आईच्या बाजूनं हात घालून बाटली बाबांपुढे धरली. बाबांना वासावरून ती कळली असावी. त्यांनी दात आवळले. मग एकदम सगळं अंगच आवळलं, डोळे वर गेले आणि तोंडाला फेस आला.

एसटी सकाळीच गेली होती. चुलत्यांनी खालच्या वाडीतून जीप आणली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "रोज पिणाऱ्याची एकदम बंद कोणी केली?"

"मी."

ते रागावले नाहीत. "एवढी पिणाऱ्यानं घरी अशी एकदम सोडायची नसते," म्हणाले. "जीव जातो. आधी इथं आणायचं, औषधावर सोडवायची." मी मान हलवली. वहीत लिहून घ्यावं तसं ते वाक्य मी मनात लिहून घेतलं. आता त्याचा काय उपयोग होता कोणास ठाऊक.

आठ दिवसांनी बाबा घरी आले. मधलं त्यांना काहीच आठवत नव्हतं. गोळ्या चालू होत्या. दर गुरुवारी दवाखान्यात या, असं सांगितलं होतं. दोन वेळा गेले, मग जाईनात. दिवसभर ओट्यावर बसायचे. कोणी बोललं तर अंगावर यायचे.

जुलैत खरी लावणी लागली. कॉलेज सुरू झालं होतं, पण मी अजून घरीच होते. आमच्या खाचरात वाडीतली माणसं आली. बाबांचा हात अजून स्थिर नव्हता, ओळ नागमोडी जात होती.

"भाऊ, प्यालेला व्हतास तवा सरळ लावायचास की," एकजण म्हणाला. सगळे हसले. बाबाही हसले. मग चिखलातून निघून बांधावर जाऊन बसले. मी मागोमाग गेले.

ते म्हणाले, "मी सोडली न्हाई, बाय. तू मरशील म्हणून पीत न्हाई. निजंतून उठून तुझा श्वास बघतो. लई थकलो."

मी बांधावर त्यांच्याजवळ बसले.

"सुटली म्हण," ते म्हणाले.

लहानपणी खेळताना आम्ही एकमेकींना असंच म्हणायचो. शपथ ज्याच्या गळ्याची, त्यानं सुटली म्हटलं की संपली. बांधाखाली ओढ्याकडे जाणारी वाट दिसत होती. त्या वाटेला कुठे दारूची भट्टी लागते ते वाडीत सगळ्यांना माहीत आहे. मी नाही म्हटलं असतं तर ते तिकडे गेले नसते, बसूनच राहिले असते.

"सुटली," मी म्हटलं.

ते उठले नाहीत. गुडघ्यांवर दोन्ही हात दाबून बसले. मी ओढ्याच्या वाटेकडे पाहायचं टाळत होते, आणि तेही.

"गुरवारी एसटी किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"सातला."

"तू येशील संगं?"

त्या गुरुवारी आम्ही गेलो. त्याच्या पुढच्याही. काल मात्र फोनवर ते म्हणाले, अंग दुखतंय, पुढल्या टायमाला बघू. मी आता होस्टेलवर आहे. उद्या आईला फोन करायचा आहे, आणि पहिलं काय विचारायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.