भोईरताईंची दुसरी खुर्ची

भोईरताईंच्या टेबलासमोर कायम दोन खुर्च्या असत. त्या सरकारी रुग्णालयात समुपदेशक होत्या; त्यांच्या खोलीत गुप्तरोगाचे पेशंट बहुतेक एकटेच येत, रुमालाने तोंड पुसत. दुसरी खुर्ची रिकामी राही. शेजारच्या खोलीतून कुणी ती न्यायला आलं की ताई तिच्यावर हात ठेवत. "राहू दे. अजून कुणीतरी यायचंय."

मी गेलो तेव्हा माझ्या तळहातांवर तांबूस डाग उठले होते. अंबरनाथला मी फिटर होतो. तीन-चार महिन्यांपूर्वी कामासाठी बाहेरगावी राहिलो असताना एका बाईकडे गेलो होतो. परतल्यावर लघवीच्या जागी जखम झाली. दुखत नव्हती. बाजारातल्या जडीबुटीवाल्याने बघून सांगितलं, "गरमी है." मी ते उष्णता असंच समजलो. घरी बायकोला, सुनीताला, म्हणालो, अंगात गरमी झालीय. ती रोज सकाळी मला सबजा भिजवून द्यायची. जखम भरली. मला वाटलं, सबजा लागू पडला.

ताई हसल्या नाहीत. "बाला, गरमी हे त्या रोगाचंच जुनं नाव. सिफिलिस. जखम आपोआप भरते, रोग रक्तात राहतो. सबज्याने पोट थंड झालं असेल, बस."

त्या पालेगावच्या, शेतकरी घरातल्या. ऑफिसात शुद्ध बोलायच्या, पण माणसावर जीव जडला किंवा राग आला की 'ळ'चा 'ल' व्हायचा, 'बाळा'चं 'बाला'. टेबलावर बिस्किटांचा डबा असे, त्यात कंडोमची पाकिटं. कुणी घ्यायला लाजला की म्हणत, "खिशात ठेवायची लाज वाटते, रोग अंगात ठेवायची नाही वाटत?" आम्ही मान खाली घालून मूठ भरायचो.

मग त्यांनी दुसऱ्या खुर्चीकडे बोट केलं. "ही कुणाची?"

सुनीता माहेरी होती, कर्जतकडे. पाचवा महिना. लग्नानंतर सात वर्षांनी राहिलं होतं. तिथल्या दवाखान्यात बाळंतपणासाठी नाव घातलं होतं, पण रक्ताची ही तपासणी राहून गेली होती.

"याच आठवड्यात घेऊन ये. बाईला वेलेवर इंजेक्शन मिलालं की पोर बहुतेक वाचतं."

"ती विचारेल, कशाचं."

"आजार मी सांगेन. कुठून आला ते तू सांगायचं. ते माझं काम नाही."

मी हो म्हणालो. माझी इंजेक्शनं घेतली. पुढच्या खेपेला ताईंनी विचारलं तेव्हा म्हणालो, तिने गावाकडेच घेतलं. ताईंनी कागद मागितला. म्हणालो, आणतो.

सातव्या महिन्यात मूल मेलेलं जन्मलं. मुलगी होती. माझी आई म्हणाली, "पपई खाल्ली असशील. उष्ण पडली." सुनीता म्हणाली, "नाही हो आई." मग रात्रंदिवस आठवत बसली, काय खाल्लं, काय उचललं. मी शेजारी बसून ऐकत होतो. घर दोन खोल्यांचं. ऐकू येणार नाही अशी जागाच नव्हती.

महिन्याने मी तिला ताईंसमोर नेऊन बसवलं. ताईंनी आमच्याकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. सुनीताला आजाराचं नाव सांगितलं, दोघांनीही उपचार पुरे केले तरच तो जातो हे सांगितलं. बाळ याच्यामुळेच गेलं असणार, हेही सांगितलं.

सुनीताने विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे?"

ताईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. दार माझ्यापासून चार पावलांवर होतं.

"माझ्यामुळे," मी म्हणालो.

सुनीताने तिची इंजेक्शनं घेतली. मला सोडून गेली नाही. त्याबद्दल कधी बोललीही नाही. आम्हाला पुढे मूल झालं नाही. ती आजही पपईला हात लावत नाही. आणि उन्हाळा लागला की रोज सकाळी सबजा भिजवून ग्लास माझ्यापुढे ठेवते. ती माफी आहे की टोमणा, विचारायची हिंमत होत नाही.

निवृत्तीनंतर ताई एकदा बदलापूरच्या बाजारात भेटल्या. हातात भेंडीची पिशवी. "बोलते का रे ती?"

मी सबज्याचं सांगितलं.

ताईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "पी, बाला. रोज पी. ग्लास खाली ठेवताना तिच्याकडे बघत जा."

त्यानंतर त्यांची भेट झाली नाही. सबजा मी रोज पितो. बघणं अजून जमलेलं नाही.