सिस्टर आणि झाडवाल्याची कुऱ्हाड

गल्लीत त्यांना सगळे सिस्टर म्हणत. ऑपरेशन थिएटरमधून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी भाजीची सुरीसुद्धा उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय त्या ओट्यावर ठेवत नसत. बोथट हत्यार त्यांना खपत नसे. भल्याभल्या सर्जनना त्यांनी "ही कात्री आज नको" असं तोंडावर सांगितलेलं होतं. अशी बाई निवृत्तीनंतर लोकरीचे मोजे विणत बसेल असं ज्यांना वाटलं, ते तोंडघशी पडले.

त्याचं असं झालं, की घरामागच्या शेडमध्ये एक गंजकी कुऱ्हाड निघाली. यजमान ती भंगारात द्यायला निघाले होते. सिस्टरांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, दिवसभर व्हिनेगरच्या बादलीत बुडवली, तारेच्या ब्रशने घासली, कानशीने धारेला आकार दिला आणि ओल्या दगडावर फिरवून फिरवून अशी परजली, की वर्तमानपत्राचा कागद नुसता टेकवला तरी चिरत जाई. तिथून जे वेड लागलं ते लागलंच. भंगारवाल्याकडून जुनी पाती येऊ लागली, शेजारपाजारचे आपापल्या कुऱ्हाडी आणून टाकू लागले. यजमान जन्मभर विमा कचेरीत कारकुनी करून आता केक भाजायला शिकत होते. "दोघांनाही छंद आहे, फक्त माझा खाता येतो," असं ते आल्यागेल्याला ऐकवत.

एके दिवशी झाडवाला आला. रस्त्याकडेच्या धोक्याच्या फांद्या उतरवायच्या, हे त्याचं काम. कमरेला दोर बांधून वर चढायचं आणि जिथे यंत्राची करवत पोचत नाही तिथे कुऱ्हाड चालवायची. कुऱ्हाड वडलांची होती. दांडा मोडून त्याचा तुकडा पात्याच्या भोकात अडकून बसला होता. "दुसरी कुठली हातात बसत नाही हो, सिस्टर," एवढंच तो म्हणाला आणि कुऱ्हाड फडक्यातून काढून जपून त्यांच्या हातात दिली.

तो तुकडा निघता निघेना. ठोकून झालं, ड्रिलने पोखरून झालं. आत कोणे एके काळी कुणीतरी लोखंडी पाचर मारून ठेवली होती. सिस्टरांचा पारा चढला. त्यांनी सरळ शेगडी पेटवली आणि अख्खं पातं निखाऱ्यांत खुपसलं. उकळून, तापवून कुठलंही हत्यार चांगलंच होतं, ही चौतीस वर्षांची सवय. लाकूड जळालं, पाचर गळून पडली. लालभडक पातं त्यांनी राखेत निवायला ठेवलं आणि हात झटकले.

संध्याकाळी धारेवर कानस फिरवली आणि चूक लगेच कळली. आदल्या दिवशी हीच कानस त्या धारेवरून सटकत होती. आता ती साबण खरवडावा तशी लोखंड खरवडत होती. पोलादाला दिलेलं पाणी उतरलं होतं, कडकपणा पार गेला होता. धार अजूनही लागली असती, कागदही चिरला असता. पण चार घाव घातले की ती दुमडली असती.

"धार लावून देऊन टाक," यजमान म्हणाले. "कुऱ्हाड म्हातारी झाली म्हणेल. त्याला काय कळणार?"

"अहो, तो दोराला लटकून काम करतो. घाव सटकला तर पाय जाईल त्याचा."

"मग नवी घेऊन दे."

"नवी हातात बसत नाही म्हणाला ना तो," सिस्टर म्हणाल्या, आणि यजमानांनी केकच्या भांड्यात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी झाडवाल्याला बोलावून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्याने पातं उचलून धारेवर नख ओढून पाहिलं.

"दांडा जाळून काढायचा नसतो, सिस्टर. काढलाच तर धार ओल्या मातीत पुरून ठेवायची, म्हणजे तिला आच लागत नाही. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

आवाज चढवून बोलला असता तर बरं, असं सिस्टरांना वाटलं. मान खाली घालून ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती. "विचारलं नाही, तिथेच चुकलं," त्या म्हणाल्या. "आठ दिवस द्या. नाही जमलं तर तेही तोंडावर सांगेन."

"आठ दिवस," तो म्हणाला आणि रिकाम्या हाताने गेला.

सिस्टर कामाला लागल्या. झाडवाल्याच्या पात्याला हात लावायचा नाही, आधी भंगारातल्या पात्यांवर हात बसवायचा, असं त्यांनी ठरवलं. पहिलं पातं लाल करून गार पाण्यात बुडवलं, तर टण्णकन आवाज होऊन धारेला उभी भेग गेली. दुसरं पुरतं तापलंच नाही. तिसरं वाकलं. चौथ्या दिवशी मात्र त्या अभिमान गिळून गॅरेजमागच्या म्हाताऱ्या लोहाराकडे गेल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी विचारलं.

"लोहचुंबक चिकटायचं थांबलं की समजायचं तापलं," लोहार म्हणाला. "पाण्यात नाही, कोमट तेलात बुडवायचं. मग मंद आचेवर भाजायचं, नाहीतर काचेसारखं फुटतं. आणि बाई, घाई करू नका."

घाई न करणं सिस्टरांना फार जड गेलं. पण चौथं पातं बरं निघालं, पाचवं चांगलं, सहावं पहिल्याच फटक्यात साधलं. मग त्यांनी झाडवाल्याचं पातं हातात घेतलं. शेगडीला सुनेच्या केस वाळवायच्या यंत्राचा वारा दिला, धारेकडची दोन बोटंभर पट्टीच तापवली, लोहचुंबक लावून बघितलं, आणि पातं तेलात सोडलं. धूर निवल्यावर त्यावर कानस फिरवली. ती सटकली. सिस्टर जमिनीवर बसल्या आणि पाच मिनिटं बसूनच राहिल्या. त्यानंतर दोन तास यजमानांच्या ओव्हनमध्ये केकऐवजी कुऱ्हाड भाजली गेली. "वरून साखर भुरभुरू का?" यजमानांनी विचारलं, आणि आठवड्यात पहिल्यांदा त्या हसल्या.

आठव्या दिवशी नवा दांडा बसवलेली कुऱ्हाड झाडवाल्याने नेली. सिस्टर त्याच्या मागोमाग गेल्या. चौकातल्या जुन्या झाडाची एक जाड फांदी उतरवायची होती. पलीकडच्या दुकानदाराने स्टूल दिलं, ते त्यांनी नको म्हटलं. थिएटरमध्ये काम चालू असताना त्या कधी बसल्या नव्हत्या. सकाळभर घावांचे आवाज येत राहिले. मध्येच एक आवाज वेगळा आला, लोखंडाचा.

झाडवाला खाली उतरला. कुऱ्हाड त्याने पुढे केली. धारेच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी खाच पडली होती. सिस्टरांचा चेहरा उतरला.

"हात पुढे करा," तो म्हणाला. त्याने खिशातून काढून त्यांच्या तळहातावर दोन तुकडे ठेवले. कुणीतरी पूर्वी पाटी लावायला झाडात ठोकलेला गंजका मोठा खिळा होता तो. मधोमध कापला गेला होता. "धार दुमडली नाही, सिस्टर. वडलांच्या वेळीही एकदा खिळा लागला होता. तेव्हा हिच्या दुप्पट खाच पडली होती."

सिस्टरांना भरून आलं आणि ते लपवायचं त्यांनी काही केलं नाही. पिशवीतून दगड काढून त्या फुटपाथच्या कठड्यावर बसल्या आणि तिथल्या तिथे खाच घासून काढली. झाडवाल्याने धारेवर अंगठा आडवा फिरवला, मान हलवली आणि कुऱ्हाड घेऊन तो पुन्हा वर चढला.

पहिला घाव ऐकू आला तेव्हा सिस्टर घराच्या वाटेला लागल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.