दारात आलेली म्हस

आमच्या पेठेतल्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी म्हस घेऊन येणारा तो गवळी रोजच्या गिऱ्हाइकालाही पावणंच म्हणतो. म्हशीला मात्र अक्कासाब. बोलतो तो तिच्याशीच. धारेचं कोमट दूध आम्ही तिथंच उभ्यानं प्यायचो. माझ्या मिशीला फेस लागला की तो म्हणायचा, "अक्कासाब, पावणं म्हातारं झालं बघा." किती वर्षं ऐकलं हे.

पाय मोडला आणि कट्टा सुटला. सुनेनं किटलीतनं दूध आणलं, ते मी परत पाठवलं. निवलेलं दूध आजाऱ्यानं प्यावं.

प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, आता चाला. पण चारचौघांत लंगडायचं कसं? मी खाट सोडली नाही.

काल तो म्हस घेऊन दारातच आला. पायरीखाली धार काढली. सून पेला घ्यायला गेली, तर तिला दिला नाही.

"अक्कासाब, पावण्यास्नी सांगा, फेस बसायच्या आत या की खाली."

उठलो. भिंतीला धरून, कण्हत पायऱ्या उतरलो. तोवर तो माझ्याकडं पाठ करून म्हशीचं अंग पुसत राहिला. अंग स्वच्छच होतं.

"आण की पेला," मी म्हटलं, तेव्हाच वळला.

फेस अजून होता.