मेंढीवर न उगवलेलं

भर सभेत स्वतःच्या खांद्यावरची शाल काडी लावून जाळणारा माणूस मी एकच पाहिला. सगळी शाल नव्हे, तिचा एक धागा. पण व्यासपीठावर जी पळापळ झाली ती पाहून वाटलं, मंडपच पेटला.

कळमनुरीतला सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम होता तो. आदल्या उन्हाळ्यात सरहद्दीवर लढाई होऊन गेली होती, आणि आपल्या तालुक्यात माजी सैनिक राहतात ही गोष्ट पुढाऱ्यांच्या नुकतीच ध्यानात आली होती. हिंगोली जिल्हाही नवा नवा झालेला. सत्कारांना नुसता ऊत आला होता. मी तहसील कचेरीसमोर टाइपरायटर मांडून बसणारा अर्जनवीस. सत्कारमूर्तींची यादी मीच टाइप केली होती, म्हणून पुढची खुर्ची फुकटात मिळाली होती. दादासाहेब एकेकाच्या खांद्यावर शाल टाकत होते. दादासाहेब म्हणजे आमच्या भागातले मोठे पुढारी. खरं नाव घेऊन मला तोंड विटाळायचं नाही. चौथा नंबर आखाडा बाळापूरच्या निवृत्त हवालदार मल्हारींचा होता. त्यांनी शालीचं टोक चिमटीत चोळलं, एक धागा ओढून काढला, खिशातली काडेपेटी काढली आणि धागा पेटवून नाकाशी धरला. मग विझलेलं टोक दादासाहेबांच्या डोळ्यांपुढं नेलं. तिथं एक काळा, टणक मणी झाला होता.

“साहेब, हे मेंढीवर उगवलं न्हाई,” ते शांतपणे म्हणाले. “आत्ता माईकमधून लोकरीची शाल म्हणून पुकारलं न्हाई का? लोकर नगा म्हणू. शाल म्हणा, आमी घेतो.”

दादासाहेब कसनुसे हसले. माझ्यामागून कुणीतरी ओरडलं, “बघा, कंबलचोर लोकर पारखून राहिला!” आणि सगळा मंडप खो खो हसला. मीही हसलो. ते हसू आज आठवलं तरी माझी मलाच लाज वाटते, कारण तेव्हा मी त्या माणसाशी एक शब्दही बोललेलो नव्हतो.

‘कंबलचोर’ हे नाव त्यांना बाळापुरानं दिलं होतं. मल्हारी फौजेत होते, उत्तरेकडच्या एका डेपोत जवानांची ब्लँकेटं, मोजे, जर्सी असला माल तपासायचे. तिथं काहीतरी लफडं झालं, बढती अडली आणि नव्वद सालानंतर दोन-चार वर्षांत ते हवालदार म्हणूनच घरी आले. एवढंच लोकांना माहीत. बाकीचं लोकांनी आपल्या मनानं भरलं. डेपोतला माणूस, लफडं ब्लँकेटचं, म्हणजे ट्रकच्या ट्रक विकले असणार. गंमत अशी की हे नाव पाठीमागे घेतलं जायचं. समोर मात्र हॉटेलात खुर्ची पुसून मिळायची, “या हवालदारसाहेब” व्हायचं. ज्यानं सरकारचं एवढं पचवलं तो माणूस काही साधा नाही, असा तो मान होता.

त्या सत्कारानंतर माझी त्यांची ओळख झाली, ती माझ्या मफलरमुळे. एसटी स्टँडवर ते शेजारी येऊन बसले आणि विचारता न विचारता मफलरचा धागा ओढला. “हिंगोलीचा बाजार ना? फसवलं तुमाला.” काडी लागली, मणी झाला. मेंढपाळाचं घराणं त्यांचं. लहानपणापासून मेंढरांच्या कातरणीत वाढलेला तो हात. लोकर जाळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. बनावट धागा वितळतो आणि त्याचा खडा होतो. ही पारख त्यांच्या घरात बायामाणसांनाही येत होती. त्यात काही विद्या आहे असं त्यांना वाटत नसे. “डोळ्याला फसवता येतंय, भाऊ. नाकाला न्हाई.”

पुढं पुढं तर त्यांचं ते वाक्य कचेरीसमोरच्या आमच्या ओट्यावर चलनात आलं. नवा डांबरी रस्ता पहिल्या पावसाळ्यात वाहून गेला की मल्हारीमामा म्हणायचे, “हे मेंढीवर उगवलं न्हाई.” निवडणुकीचं भाषण ऐकलं की तेच. एकदा मी एका वकिलासाठी खोटं प्रतिज्ञापत्र टाइप करत होतो. ते पाठीमागे उभे राहून वाचत होते.  नुसतं नाकानं हुंगलं आणि निघून गेले. माझी अशी लाज काढली की तो कागद मी तिथंच फाडला, आणि वकिलाच्या चार शिव्या खाल्ल्या.

माहितीच्या अधिकाराचा कायदा आला त्याच्या पुढच्या साली ते एका दुपारी माझ्या टेबलाशी आले. टोपी काढून मांडीवर ठेवली. “भाऊ, एक अर्ज लिवायचाय. फौजेला.”

“कशाचा?”

“त्या कंबलांत काय व्हतं, ते त्यायनं मला लिहून द्यावं. मरायच्या आधी गावाला दाखवायचंय, का ह्यानं चोरी केली न्हाई.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी मान खाली घालून ऐकलं, कारण मी त्या मंडपात हसलो होतो.

डेपोत माल आला की तो मोहोरबंद नमुन्याशी ताडून बघायचा, अशी तिथली रीत. नमुना म्हणजे सरकारनं पसंत केलेलं एक ब्लँकेट. ते लाखेची मोहोर लावून कपाटात ठेवलेलं असतं. माल नमुन्यासारखा असला तर पास, नाहीतर परत. बर्फातल्या चौक्यांसाठी गाठोडी आली. मामांनी हात लावला आणि त्यांना कळलं. ते साहेबांकडं गेले. साहेब म्हणाले, नमुन्याशी ताडून बघ. ताडलं, तर तंतोतंत तसंच. रंग तोच, वजन तेच, वीणही तीच.

“मंग मला कळालं,” मामा म्हणाले. “नमुनाच बदललाय. नमुनाच खोटा ठिवला, तर माल बराबरच निघणार न्हाई का? मी साहेबाला बोललो. साहेब म्हणे, ‘सॅम्पल गलत कैसे होगा, उसपे मोहर है।’ ठेकेदाराचा माणूस आधीच येऊन गेल्ता माझ्याकडं. म्हणे, हवालदारसाब, आपका भी खयाल रखेंगे. मी त्याला म्हणलं, माझं न्हाई, वर बर्फात निजत्यात त्यायचं खयाल रख.”

मामांनी स्वतः दोन हिवाळे तसल्या चौकीत काढले होते. तिथं जवान रॉकेलच्या शेगडीला चिकटून झोपतात. ठिणगी उडते. लोकरीवर पडली तर काळा डाग पडतो आणि विझते. बनावट धाग्यावर पडली तर तो वितळतो आणि कातडीला चिकटतो. “सोलून काढावं लागतंय,” ते म्हणाले, आणि टोपीच्या घडीवरून बोट फिरवत राहिले.

तर मामांनी काय केलं? दुसऱ्या कुणी वर अर्ज केला असता, संघटना शोधली असती, गप्प तरी बसला असता. मामांनी घरची रीत केली. साहेबांसमोर कपाट उघडलं, लाखेची मोहोर फोडली, सरकारी नमुन्यातून एक धागा ओढला आणि काडी लावली. मणी झाला. त्यांना वाटलं, आता साहेब बघतील, सगळं उघडं पडेल. साहेबांनी मण्याकडं बघितलंच नाही. ते फुटलेल्या मोहोरेकडं बघत होते.

त्याच दुपारी ब्लँकेटं पास झाली. आणि चौकशी बसली ती मामांवर, मोहोर फोडली म्हणून. लाल शाईत नोंद झाली, बढती गेली.

मला शिसारी आली. खोटं सांगत नाही, टेबलावर चहाचा कप होता तो मी ओतून टाकला. लाच खाणारे मी रोज बघतो, माझा धंदाच त्यांच्या दारात आहे. तलाठ्यापासून वरपर्यंत कोण किती हावरट आहे हे मला पाठ आहे. पण बर्फात कुडकुडणाऱ्या पोराच्या अंगावरचं पांघरूण खाणारी जात मला नवी होती. आणि वर त्या पांघरुणाला मोहोर!

माझ्या मोडक्या इंग्रजीत अर्ज केला. प्रश्न एकच: त्या ब्लँकेटात काय होतं? दोन महिन्यांनी उत्तर आलं. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव सदर माहिती देता येत नाही.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा मामा आधी हसले आणि मग एकदम भडकले. त्यांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. “घोंगड्यात कसलं आलंय गुपित? आँ? दुष्मनाला काय कळणार हाय? आमच्या पोरायला थंडी वाजतीय एवढंच ना? ती तर त्यायलाबी वाजतीय! हे दुष्मनापासून न्हाई लपवत भाऊ, हे आपल्यापासून लपवून राहिले.”

आम्ही अपील केलं, आणि जोडीला नवा अर्जही टाकला. या वेळी मी जुन्या प्रश्नाला आणखी तीन जोडले. नमुना कुणी पसंत केला, तपासणीचा अहवाल कुठं आहे, आणि शेवटी, जाता जाता, अर्जदाराला कोणत्या कारणासाठी शिक्षा झाली. तीन प्रश्नांना पुन्हा सुरक्षेचं कुलूप. चौथ्याचं उत्तर मात्र आलं. एक पान, मोठ्या शिक्क्यासह. हवालदार मल्हारी यांनी वरिष्ठांच्या समक्ष मोहोरबंद नमुन्याची मोहोर तोडून त्यातील एक धागा काढला व जाळला, सबब सक्त ताकीद. बस. ना चोरी, ना अफरातफर.

“म्हंजे कंबलाची फाइल गुप्त, आन् माझी सजा तेवढी उघडी,” मामा म्हणाले. पण त्यांचा चेहरा लग्नघरासारखा उजळला होता. “मराठीत करा, भाऊ. एक धागा, हे बराबर लिवा. एकच.”

मी मराठीत टाइप करून दिलं. बाजाराच्या दिवशी बाळापुरात स्टँडजवळच्या हॉटेलात, जिथं गेली बारा वर्षं त्यांच्यासाठी खुर्ची पुसली जात होती तिथं, मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मामा शेजारी ताठ उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. वाचून झालं. कुणी टाळी वाजवली नाही. एका आडतवाल्यानं बशीतला चहा संपवला आणि विचारलं, “म्हंजे, तुमी कायच आणलं न्हाई तिकडून?”

“न्हाई.”

“ठेकेदार खयाल ठिवतो म्हणत व्हता तरी?”

“व्हय.”

“आन् एका धाग्यापायी बढती घालवली?” तो शेजारच्याकडं वळला. “आपण उगंच याला लई मोठा समजत व्हतो, गड्या. हे तर येडं निघालं!”

हॉटेल हसलं. तो मंडप हसला होता तसंच. मी आडतवाल्याच्या अंगावर धावून गेलो, त्याला तोंडाला येईल ते बोललो, पण मामांनी माझा दंड धरून बाहेर आणलं. त्या दिवसानंतर बाळापुरात त्यांना कुणी कंबलचोर म्हटलं नाही. येडा हवालदार म्हणू लागले. तेही तोंडावर.

महिनाभरानं स्टँडवर भेटले तेव्हा म्हणाले, “भाऊ, चोर समजत व्हते तवा बसाय खुर्ची देत व्हते. आता उभ्यानंच च्या पेतो.” मला अपराधी वाटलं. शिक्षेचा तो प्रश्न अर्जात मीच घातला होता ना! “तुमी वाईट नगा वाटून घेऊ,” तेच मला समजावत राहिले. “आता जे म्हणून राहिले ते निदान खरं तरी हाय.” तो कागद त्यांनी काचेत मढवून घरी टांगला, वर्दीतल्या फोटोच्या खाली.

दोन हिवाळ्यांनी ते गेले. मेंढरांमागे चालता चालता बांधावर बसले, ते बसलेच. मी बाळापूरला पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती आणि दादासाहेबांची गाडी दारात उभी होती. माजी सैनिक म्हटल्यावर ते येणारच. मोबाइलवर फोटो काढणारा माणूसही बरोबर होता. दादासाहेबांनी मामांच्या अंगावर एक शाल पांघरली, हात जोडले आणि फोटो होईपर्यंत डोळे मिटून उभे राहिले.

मामांच्या बायको, द्वारकामामी, कोपऱ्यातून उठल्या. शालीचं टोक त्यांनी अंगठ्यानं चोळलं. त्यांना काडीची गरज पडली नाही. तरी एक धागा ओढून काढलाच, उजेडात धरून पाहिला आणि टाकून दिला. मग शाल उचलून तिची नीट घडी घातली आणि दादासाहेबांच्या हातात दिली. “ही तुमची घेऊन जा, साहेब. ह्यायनी असलं आंगावर कवा घेतलं न्हाई.” आणि घरातली जुनी, जड, मेंढरांच्या वासाची घोंगडी आणून त्यांनी मामांना पांघरली. दादासाहेबांनी शाल गाडीत मागच्या सीटवर टाकली.

पंधरा दिवसांनी कळमनुरीत एका बड्या ठेकेदाराचा सत्कार झाला, देशसेवेबद्दल. यादी मीच टाइप केली होती. पुढची खुर्ची मिळाली. दादासाहेबांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली. माझ्या बाजूला आलेलं तिचं टोक उसवलेलं होतं. एक धागा निघाल्याची रेघ आतपर्यंत गेलेली स्पष्ट दिसत होती. काडेपेटी माझ्या खिशात होती. टाळ्या सुरू झाल्या, शेजारच्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मीही वाजवल्या.